आमचा देव्हारा आणि 'मुक सू'

परवा इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सॅन होजेमध्ये लाकडाचं नाजूक काम करणारं कुणी आहे का? मी एका व्हिएतनामी सुतारकाकांबद्दल लिहिलं. ते चर्चमध्ये पाळक आहेत, हेही लिहिलं. लगेच एकाची कमेंट आली, "म्हणजे धड पाद्रीही नाही आणि धड सुतारही नाही." मला ते फार लागलं.

घर बदलताना आजीच्या सागवानी देव्हाऱ्याचे दोन खांब निखळले. दोन ठिकाणी दाखवला, दोघांचंही एकच, स्क्रू मारून देतो. काकांनी देव्हारा उलटा केला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यात एकही खिळा नाही. मीही मारणार नाही." आतलं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, मोडलं होतं. त्यांनी सागाचाच तुकडा शोधला. पटाशीने तासायचा, बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा केसभर तासायचा. असं सात-आठ वेळा तरी झालं असेल. मी चाचरत विचारलं, तुम्ही पाळक, तुम्हाला हे काम चालतं ना? मान वर न करता म्हणाले, "आजी रोज याच्यासमोर बसायची ना? मग नीटच व्हायला हवं."

त्यांचं गाव किम बोंग, मध्य व्हिएतनाममधल्या होई आन शहराच्या समोर, नदीपलीकडे. पिढ्यानपिढ्या सुतारांचं गाव, होड्या आणि घरं बांधणारं. घराणं प्रोटेस्टंट. जवळच्याच दा नांगमध्ये १९११ साली हे मिशन सुरू झालं. तिकडे या पंथाला 'तिन लान्ह' म्हणतात, अर्थ शुभवार्ता. आपल्या ख्रिस्ती मंडळींचा 'शुभवर्तमान' हाच की!

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली. पुढे कित्येक पाळकांना 'पुनर्शिक्षणा'च्या नावाखाली छावण्यांत डांबलं. काका १९८१ मध्ये होडीने हाँगकाँगला पोचले. तेव्हा निर्वासितांना छावणीबाहेर जाऊन काम करता यायचं. जुलै १९८२ पासून नव्याने येणाऱ्यांना बंद छावण्यांत ठेवू लागले. एक वर्ष उशीर झाला असता तर हातातली पटाशी सुटली असती, असं ते सांगतात. दिवसा फर्निचरच्या कारखान्यात काम आणि रात्री छावणीत प्रार्थना. दोन्ही कामं तेव्हापासून बरोबरच चालली आहेत. मग यातलं अर्धं कुठलं?

मी एका रविवारी त्यांच्या उपासनेला गेले होते. अमेरिकन चर्चचा हॉल दुपारी भाड्याने घेतात. दुकानात मोजकं, तुटक इंग्रजी बोलणारा हा माणूस तिथे आपल्या भाषेत अर्धा तास असा बोलला की शब्द न कळूनही मी हलले नाही. मागच्या रांगेत मुलं कानाला हेडफोन लावून इंग्रजी भाषांतर ऐकत होती. त्यांच्याकडे बघून मला माझीच मुलं आठवली. लोक काकांना 'मुक सू' म्हणतात, म्हणजे पाळक. मंडळीकडून ते पगार घेत नाहीत.

पाद्री म्हटलं की कुणाच्या तरी पैशावर जगणारा, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट का बसलंय? संत पौल तंबू शिवून पोट भरायचा. आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. आपल्याकडेही नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी. त्यांना अर्धवट संत म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग या माणसाला असं का म्हणायचं?

ज्यांना काम द्यायचं असेल त्यांनी मला मेसेज करा, नंबर देते. शनिवारी दुपारनंतर मात्र फोन करू नका. तेव्हा दुकान बंद असतं, काका उद्याचं प्रवचन लिहीत असतात.