पेनकिलर जेवल्यावर घेतली म्हणजे झालं असं नाही
लेखात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर जेवल्यावर घ्या म्हणून सांगितलंय ते बरोबरच आहे पण त्याने जळजळ जरा कमी होते एवढंच, अल्सरचा धोका जात नाही, कारण या गोळ्या रक्तात जाऊन प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करतात आणि पोटाच्या अस्तराला तेच सांभाळत असतं. किडनीचा रक्तपुरवठाही त्यावर अवलंबून असतो, त्याबद्दल एक ओळ तरी हवी होती! आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्या किती आज्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची स्ट्रिप आणून महिनोन्महिने खातात, सोबत बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी चालूच, हे तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर फार ताण येतो, त्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की अजूनच. प्लीज डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा, गुडघ्याला आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघा, ते रक्तात खूप कमी जातं.
आणि पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो, साधी पॅरासिटामोल द्या. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.