किमयागार व्हायचंय? मंग सोनं करायच्या नादाला लागू नका

बीडपासून हिंगोलीपर्यंत सध्या ज्याला त्याला किमयागार व्हायचंय, पण रीतसर शिकवणारं कोणीच नाही. लातुरात डॉक्टर व्हायचे क्लास गल्लोगल्ली, इंजिनीअर व्हायचे क्लास त्याच्याच वरच्या मजल्यावर, आणि शेकडो वर्षं चालत आलेला हा धंदा मात्र आपल्या लेकरांनी बघून बघून शिकायचा, हे काही बरोबर नाही. म्हणून म्हटलं आपणच चार गोष्टी सांगाव्यात. फी नाही. सध्या तरी नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, सोनं करणं हे किमयागाराचं कामच नाही. सोनं होणार आहे, आता होतंय, फक्त थोडं सामान कमी पडलंय, असं समोरच्याला वाटत ठेवणं हे काम आहे. ज्यांना हे कळलं नाही आणि जे खरंच भट्टी पेटवून बसले त्यांचं काय झालं बघा. जर्मनीत हॅम्बुर्गला हेनिग ब्रँड म्हणून एक गडी होता, कामाला लई पक्का. मुतातून सोनं निघतं अशी त्याची खात्री. त्यानं पिंपच्या पिंप मूत जमा केलं, कुजवलं, आटवलं, भाजलं (घरच्यांनी काय सोसलं असेल त्याचा विचार करा), आणि 1669 साली भांड्यात शेवटी जे उरलं ते सोनं नव्हतंच, अंधारात चमकणारं काहीतरी पांढरट होतं. तो फॉस्फरस. आज डीएपी खताच्या गोणीसाठी आपण पहाटेपासून रांगेत उभं राहतो त्या फॉस्फेटातला फॉस्फरस तो हाच. एवढं मोठं काम केलं आणि गड्यानं काय केलं, तर ती कृती दुसऱ्याला विकून टाकली. धंद्यात सपशेल नापास.

दुसरा बोटगर. बर्लिनमधल्या औषधाच्या दुकानात शिकाऊ पोरगा, हातचलाखीनं सोनं करून दाखवलं आणि तेवढ्यावर गप्प बसायचं सोडून गाजावाजा झाला. प्रशियाचा राजा मागं लागला म्हणून पळाला तर सॅक्सनीच्या राजानं धरून कोंडून ठेवलं, म्हणे कर आता सोनं. सोनं काही झालं नाही, पण त्या कोंडवाड्यात दुसऱ्या एका जाणत्या माणसाच्या मदतीनं चिनी मातीची पांढरी भांडी कशी करतात ते गवसलं, आणि 1710 ला माइसेनचा कारखाना निघाला, तो अजून चालू आहे. बोटगर 37 व्या वर्षी गेला. आणि होनाउअर नावाच्या एकानं तर वुर्टेम्बर्गच्या ड्यूकला लोखंडाचं सोनं करून देतो म्हणून शब्द दिला, ते जमलं नाही तेव्हा ड्यूकनं 1597 मध्ये त्याच लोखंडाचा फाशीचा खांब उभारून त्याला लटकवला. लोखंड वाया जाऊ दिलं नाही, एवढं मानलं पाहिजे.

यातून शिकायचं एवढंच की राजाकडं पैसे मागायला जायचं नाही. राजाला उद्घाटनाला बोलवायचं. फीत कापू द्या, शाल घाला, फोटो काढा, तो फोटो फ्रेम करून काउंटरच्या मागं लावा. पैसे मात्र गुरुजींकडून घ्या.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषद शाळेतून आत्ताच रिटायर झालेले, ग्रॅच्युइटी आणि फंड खात्यावर आलेला, पोराचं शिक्षण झालंय पण नोकरी नाही, पोरीचं लग्न ठरायचंय. असा एक गुरुजी शोधा, पुढचं काम तेच करतात, कारण गुरुजींनी ठेवले म्हटलं की अख्खं गाव ठेवतं. त्याच्या आधी मोंढ्याजवळ एक गाळा भाड्यानं घ्या, काच लावा, एसी लावा (उन्हाळ्यात आपल्याकडं निम्मा विश्वास एसीवरच बसतो), एखाद्या देवाचं नाव द्या आणि त्याच्यामागं मल्टिस्टेट पतसंस्था लावा. व्याज नीट ठरवा. बँक सहा-सात टक्के देती, तुम्ही तेरा म्हणा. वीस म्हणू नका, माणूस दचकतो, घरी जाऊन विचार करतो, आणि विचार करणारा माणूस आपल्या कामाचा नाही. पिग्मीला पोरगा ठेवायचा तो त्याच गल्लीतला ठेवा, सगळ्यांना मामा-काकू म्हणणारा, लग्नात वाढप्याला उभा राहणारा. तो दारात उभा राहून सहज म्हणतो, "काकू, पोस्टात ठेवून काय भेटायलंय तुम्हाला? तिथं पडून पडून पैसा म्हातारा व्हायलाय." काकू हसतात आणि आत जाऊन डब्यातले पैसे आणतात. वर्षभर व्याज तारखेला द्या, एक दिवस इकडं तिकडं नाही. ते कुठून द्यायचं असं विचारत असाल तर तुम्ही अजून ब्रँडच्याच वर्गात आहात. दुसऱ्या काकूंच्या डब्यातून द्यायचं.

आता कोणी म्हणेल हा नवा प्रकार आहे. नाही हो. आपल्या दौलताबादला राजधानी आणणारा मुहम्मद तुघलक आठवा, 1327 ची गोष्ट. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मान सोडलं की ही चांदीच्या टंक्याच्या भावानं घ्यायची. भट्टी नाही, पारा नाही, गंधक नाही, नुसत्या शिक्क्यानं तांब्याची चांदी! याला म्हणतात किमया. गडबड एकच झाली, ही किमया सगळ्यांनाच यायला लागली. घराघरात टाकसाळ उघडली असं त्या काळचा इतिहासकार बरनी यानं लिहून ठेवलंय. शेवटी सुलतानानं ती नाणी परत घेतली आणि बदल्यात खजिन्यातली खरी चांदी दिली, तांब्याचे ढीग तसेच पडून राहिले. लोक त्याला वेडा म्हणतात. माझ्या मते त्याचा वेडेपणा फक्त परत देण्यात होता. आजच्या एखाद्या चेअरमनला विचारा, ठेवी परत देऊ का म्हणून, तो तुमच्याकडं कसा बघतो ते बघा.

भांडवल अगदीच नसेल तर पॉलिशचं काम आहे, पण त्याला हात चालावा लागतो. दुपारी दीड-दोनला, गडीमाणसं शेतात नाहीतर कामावर असतात तेव्हा, दोघांनी मोटरसायकलवर जायचं, गळ्यात ओळखपत्र पाहिजे. "मावशी, कंपनीची पावडर हाय, विकायची नाही, फुकट दाखवायलोत." आधी देव्हाऱ्यातली काळी पडलेली समई मागायची, ती अशी लखलखीत करून द्यायची की शेजारीण पण तांब्या घेऊन येती. मंग पायातल्या पट्ट्या. मंग पाटल्या. पाटल्या स्टीलच्या डब्यात हळदीच्या पाण्यात टाकायच्या, त्या हळदीखाली काय असतं ते मावशीला कळायचं कारण नाही, आणि झाकण लावून सांगायचं की अर्धा तास उघडू नका, हवा लागली तर चमक जाती. त्या अर्ध्या तासात तुम्ही पुढच्या तालुक्यात. पाटल्या डब्यातच असतात बरं का, कोणी चोरलेल्या नसतात, फक्त सराफाकडं वजन केलं की तोळ्यातून काही ग्रॅम गायब. ते तेजाब. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक, ज्यात सोनंसुद्धा विरघळतं. युरोपातल्या किमयागारांना ते साधारण 1300 च्या सुमारास गवसलं होतं. सोनं बनवायला निघालेल्या लोकांनी सोनं नाहीसं करायचं पाणी शोधलं, आणि किमयेच्या अख्ख्या इतिहासात दर वेळी हमखास जमणारा प्रयोग तेवढा हाच.

याच्या उलट झारेकऱ्यांचं बघा. पहाटे सराफ्यात अजून दुकानं उघडायच्या आधी ही मंडळी झाडू आणि पाटी घेऊन येतात, दुकानापुढची धूळ गोळा करतात, नालीतला काळा गाळ उपसतात, तो धुतात, परत धुतात, पारा टाकून त्यात सोन्याचे कण धरतात आणि पारा उडवून लावतात. चिखलातून सोनं! बाकीचे जे जन्मभर नुसतं बोलत राहिले ते ही माणसं रोज करतात. पण त्यांचा फोटो कधी फ्लेक्सवर बघितलाय का तुम्ही? त्यांच्या सत्काराला कोणी आलंय का? त्या पाऱ्याच्या वाफेनं छातीचं काय होतं ते सुद्धा कोणी विचारत नाही. तेव्हा असल्या भानगडीत पडू नका. जालना सोन्याचा पाळणा म्हणतात, तिथं आज भंगार वितळवून सळई करायलेत, बेण्यासारखं दिवसरात्र भट्ट्या चालू, पण खरी भट्टी आली की लाइटबिल आलं, कामगार आले, इन्स्पेक्टर आला. आपल्याला नको.

मोठ्या माणसांची किमया बघायची असेल तर ऊस बघा. 2016 च्या एप्रिलात लातूरला पिण्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. लोक घागरी घेऊन टँकरच्या मागं, आणि त्याच मराठवाड्यात उसाचे फड हिरवेगार. आठशे फुटांवरचं पाणी वर काढायचं, पाण्याची साखर करायची, साखरेतून मळी, मळीतून स्पिरिट, स्पिरिटातून मतं, आणि मतांतून परत कॅनॉलचं पाणी आपल्याच शेताकडं. किमयेच्या जुन्या पोथ्यांत पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितलेत. इथं पाच-सहा संस्कारांत माणूस साहेब होतो. समृद्धी महामार्ग आल्यापासून तर काळ्या रानाला नुसती चुन्याची फक्की मारली तरी तो प्लॉट होतो, एनए, म्हणजे कागदावर बिगरशेती, होईल तेव्हा होईल.

गुप्तधन आणि पैशांचा पाऊस या लाइनमध्ये मात्र शक्यतो जाऊ नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, शिवाय ते मांडूळ पकडणं, पायाळू माणूस शोधणं, अमावास्येला माळावर खड्डे खणणं, लई मेहनत. आणि त्या वाटेनं गेलेला माणूस कुठं थांबेल याचा भरवसा नाही. हजार वर्षांपूर्वी अल्बेरुनी नावाचा विद्वान आपल्या लोकांबद्दल लिहून गेलाय की सोन्याच्या लोभात इथले राजे असे आंधळे झालेत की लहान लेकरं मारा म्हटलं तरी मागंपुढं बघणार नाहीत. आपल्याकडच्या बातम्या आठवल्या की त्याला खोटं ठरवायची हिंमत होत नाही. इथं विनोद करायलाही हात धजत नाही, पुढं चला.

गिऱ्हाईक शिकलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, उलट सोपं जातं. न्यूटन घ्या. या माणसानं किमयेवर दहा लाखांच्या वर शब्द लिहून ठेवलेत, पुढं 1696 पासून टाकसाळीवर अधिकारी होता, म्हणजे खोटं नाणं ओळखणं हीच नोकरी, आणि तोच 1720 मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये चांगला पोळला. मंग तुमच्या टेलिग्राम ग्रुपवरचे प्राध्यापक काय चीज आहेत? त्यांना देवाचं नाव सांगू नका, त्यांना स्लाइड दाखवा. स्लाइडवर जिनिव्हाजवळची सर्न ही अणुप्रयोगशाळा टाका, तिथं खरंच शिशाचं सोनं झालंय. शिशात 82 प्रोटॉन, त्यातले तीन उडाले की राहिले 79, आणि 79 म्हणजे सोनं. 2015 ते 2018 मध्ये सोन्याची अशी 86 अब्ज अणुकेंद्रं झाली, हे 2025 ला जाहीर झालं. इथपर्यंतच सांगा. सगळं मिळून वजन 29 पिकोग्रॅम भरलं, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले 29, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटून गेलं, ही स्लाइड ठेवू नका.

तसंच नामदेव महाराजांची गोष्ट चुकूनही काढू नका. आपल्या नरसीचे म्हणून अभिमानानं सांगायला जाल आणि फसाल. परिसा भागवत नावाच्या माणसाचा परीस घरात आला, बायकोनं चार दिवस बरे जावेत म्हणून आणलेला, आणि महाराजांनी तो सरळ चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भांडायला आला तर वाळवंटातले ओंजळभर खडे काढून दिले, घे यातला तुझा कोणता ते, तर सगळेच परीस! ठेवीदाराच्या डोक्यात हे शिरलं तर त्याला तेरा टक्क्यांचं काय कौतुक राहणार?

बाकी एक दिवस शटर खाली ओढायची वेळ येतीच, त्याची तयारी आधीपासून ठेवा. दारावर कागद चिटकवा, तांत्रिक अडचणीमुळं व्यवहार बंद. पुढचे दोन महिने सर्व्हर डाउन सांगा, त्याच्यानंतर ऑडिट चालू आहे सांगा. लोक कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढतात, काढू द्या, तुमचा मेहुणा त्यात पहिल्या रांगेत पाहिजे, आवाज खणखणीत असलेला. त्यालाच ठेवीदार संघर्ष समितीचा अध्यक्ष करा. पावतीपुस्तकं छापून घ्या, सभासद वर्गणी दोनशे रुपये, वकिलाचा खर्च वेगळा. आणि खजिनदार म्हणून गुरुजींना घ्या, लोकांचा अजून त्यांच्यावर विश्वास असतो आणि पेन्शन पण चालू असती.