निळे डोंगर आणि किर्शनरचा आजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरच्या चांदण्यातल्या हिवाळी निसर्गचित्रावर (1919, सध्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात) मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आभाळ गुलाबी आणि झाडं लाल असं चांदणं कुठे नसतं, मनाला येतील ते रंग फासून त्याला भावना म्हणणं ही पळवाट आहे, आणि किर्शनर मनोरुग्ण होता, तेव्हा चित्रात दिसतो तो त्याचा आजार.

पहिला मुद्दा तपासून पाहता येतो. तेव्हा किर्शनर स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळच्या फ्राउएनकिर्श गावात राहत होता. जानेवारी 1919 मधल्या एका पत्रात त्याने पहाटेच्या चंद्रास्ताचं वर्णन केलंय: छोट्या गुलाबी ढगांवर पिवळा चंद्र आणि शुद्ध, गडद निळे डोंगर. ते रंगवायची त्याला फार इच्छा होती, पण थंडी अशी की रात्रभर विस्तव पेटता ठेवूनही खिडकी गोठलेली. म्हणजे तुम्हाला खटकलेला गुलाबी रंग त्याने स्वतः पाहिलेला आहे. हे मध्यरात्रीचं टिपूर चांदणं नव्हेच. चंद्र मावळतोय आणि उजाडायला लागलंय, अशी ती वेळ आहे.

झाडांच्या लाल रंगाबद्दल मात्र मी असा पुरावा देणार नाही, कारण तो रंग पुराव्यासाठी लावलेलाच नाही. लांबचा डोंगर फिका, करडा-निळसर करायचा, म्हणजे तो मागे जातो, हे यथादर्शन तुम्ही वर्गात कितीतरी मुलांकडून घोटून घेतलं असेल. किर्शनर नेमकं तेच नाकारतो. डोंगरांचा निळा तो जराही मळवत नाही, त्यामुळे ते दूर सरकतच नाहीत, अंगावर येतात. त्यात तांबड्या, उष्ण रंगांशेजारी तो निळा आणखी थंड वाटायला लागतो. झाडं मातकट तपकिरी असती, तर हा गारठा एवढा झोंबला नसता. निळा म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग, असा तक्ता मी मांडलेला नाही आणि मला तो मान्यही नाही. एकटा रंग फार थोडं बोलतो. भावना उभी राहते ती दोन रंग एकमेकांना भिडतात तिथे. तिथे हात जरा सैल सुटला की चित्र नुसतं भडक होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आजार. पहिल्या महायुद्धात लष्करी प्रशिक्षण सुरू असतानाच किर्शनर कोसळला, नंतर कितीतरी दिवस त्याने आरोग्यधामांत काढले. ते खरंच आहे. पण मग गाब्रिएले मुंटर या चित्रकर्तीचं काय? 1908 च्या उन्हाळ्यात बव्हेरियातल्या मुर्नाऊ गावी ती, कांडिन्स्की, याव्लेन्स्की आणि वेरेफ्किन असे चौघे एकत्र चित्रं काढत होते. गर्द निळे डोंगर, पिवळी-गुलाबी घरं, भोवती जाड काळपट रेषा. काचेच्या मागच्या बाजूने चित्र रंगवायची तिथली जुनी लोककलाही मुंटर पुढे आवडीने शिकली. हे रंग आजाराचे म्हणायचे, तर चौघांनाही एकाच उन्हाळ्यात तो जडला असं मानावं लागेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. 1937 साली नाझींनी म्युनिकमध्ये 'अवनत कला' म्हणून प्रदर्शन भरवलं. त्याच्या पुस्तिकेत आधुनिक चित्रांशेजारी मनोरुग्णांची कामं छापली होती, दोन्ही सारखीच आहेत हे ठसवायला. किर्शनरची सहाशेहून जास्त कामं जर्मन संग्रहालयांतून काढून घेतली गेली. जून 1938 मध्ये त्याने आत्महत्या केली. तुमचा हेतू तसा मुळीच नाही, हे मी जाणतो. पण चित्राकडे न बघता चित्रकाराच्या तब्येतीकडे बोट दाखवणं मला सहन होत नाही, त्याचं कारण हे आहे.

राहिला फासण्याचा आरोप. किर्शनरने 1919 मध्येच हिवाळी चांदण्याचं वुडकटही (लाकडावर कोरून छापलेलं चित्र) केलं. तो स्वतः छपाई करायचा आणि रंग बदलून वेगवेगळ्या प्रती काढायचा. रेषा त्याच, झाडं तीच, रंग तेवढे वेगळे. ज्याला नुसते फासायचे असतात, तो एका चित्रासाठी इतके रंग पारखत बसत नाही. अशा दोन-तीन प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि कुठली गार वाटते, कुठली अस्वस्थ करते, ते इथेच लिहा. इतकी वर्षं रंग शिकवलेल्या डोळ्यांना त्यांत काय दिसतं, ते मला वाचायचंय.