चार्ल्स्टन बघितलं गेलं

लाँग वीकएंडला अमेरिकेतल्या शार्लटहून गाडी काढली की साडेतीन तासांत साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. १६७० साली वसलेलं गाव, दोन नद्या, समुद्र, रंगीत घरं, कोळंबी. इथल्या मराठी मंडळातलं प्रत्येक कुटुंब एकदा तरी जाऊन आलेलं असतं, त्यामुळे तुम्हालाही जावं लागणारच. जाताना तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या, सनस्क्रीन घ्या आणि मुख्य म्हणजे शाळेतलं व्याकरण घ्या.

कर्मणी प्रयोग आठवतोय? 'रामाने आंबा खाल्ला' हाही कर्मणीच, पण त्यात राम दिसतो. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा 'गेला'वाला, नवीन कर्मणी. आंबा खाल्ला गेला. आंबा आहे, खाणं आहे, रामाचा पत्ता नाही. चार्ल्स्टन नीट एन्जॉय करायचं तर ते याच प्रयोगात बघावं. घरं बांधली गेली. भात पिकवला गेला. पैसा जमला. 'कोणी?' म्हणून विचारलंत की सहलीचा विचका झालाच म्हणून समजा.

यासाठी एक पथ्य पाळा. भारतातून आलेल्या सासूला सोबत नेऊ नका. मी नेलं. माझ्या सासूबाई खारेपाटातल्या, अलिबागकडच्या. त्यांना कर्मणी येत नाही.

सुरुवात घोडागाडीने करा. गाडीने कुठल्या भागात फिरायचं हे मालक ठरवत नाही, पालिकेच्या टपरीवरचं बिंगोचं यंत्र ठरवतं. चेंडू पडेल तो भाग. घोड्याला मागे झोळी बांधलेली असते. लघवी रस्त्यावर झालीच तर गाडीवान तिथे खूण म्हणून छोटं निशाण टाकतो, फोन करतो आणि पाण्याची गाडी येऊन तेवढी जागा धुऊन जाते. घोड्याचा थेंबन् थेंब हिशोबात. माणसांचा हिशोब मात्र अंदाजाने चालतो. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास याच बंदरात उतरवली गेली, असं साधारण सांगतात. बघा, 'उतरवली गेली'. जमायला लागलं मला.

मग रेनबो रो. ओळीने १३ घरं, गुलाबी, पिवळी, निळी. हे रंग १९३०च्या दशकापासूनचे, पण फोटोत अठराव्या शतकातले दिसतात. रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढावा, मागचा गाडीवाला थांबतो. सासूबाईंनी एक नजर टाकली. "पणजीला फोंतेन्यासात असंच आहे की गं. त्यासाठी विमानात बावीस तास बसायचं?"

इथल्या जुन्या घरांची गंमत अशी की घराची अरुंद बाजू रस्त्याकडे असते. रस्त्यावरचं दार उघडलं तर आपण घरात जात नाही, लांबलचक पडवीत जातो. समुद्राचा वारा घरभर खेळावा म्हणून ही रचना. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील, त्या १८८६च्या भूकंपानंतर घर आवळून धरणाऱ्या सळयांची टोकं. हे सगळं हवं तितकं विचारा, गाइड खुशीत सांगतो. फक्त मागच्या अंगणातल्या छोट्या दुमजली विटांच्या इमारतीबद्दल विचारू नका. खाली चूल, वर झोपायच्या खोल्या. आता अशा कितीतरी इमारती झकास रंगवून 'कॅरेज हाउस' या नावाने पाहुण्यांना भाड्याने देतात. उशीवर चॉकलेट ठेवलेलं असतं. तिथे आधी कोण झोपायचं हे पाटीवर लिहिलं तर चॉकलेट कडू लागेल.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारवाड्यात तरी आपण कुठे विचारतो? खरंच आहे. शनिवारवाडा बाजीरावाने बांधला म्हणून आपण मोकळे होतो, जणू स्वतः थापी घेऊन उभा होता. तेव्हा आपल्याला सराव आहेच, अवघड जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्लांटेशन. मराठीत 'मळा' म्हणा, म्हणजे आजोळी गेल्यासारखं वाटतं. बून हॉलला १७४३ साली लावलेल्या ओकची दुतर्फा रांग आहे, फांद्यांवरून करडी झुलपं लोंबतात. लोक इथे लग्नं लावतात. त्याच रस्त्याच्या कडेला विटांच्या नऊ खोपट्या आहेत, गुलामांच्या. फोटो काढताना कॅमेरा थोडा डावीउजवीकडे करा, येत नाहीत त्या फ्रेममध्ये. जेम्स आयलंडवरच्या मॅक्लाउड प्लांटेशनला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे मालकाच्या घराबद्दल कमी आणि बाकीच्यांबद्दल जास्त बोलतात.

भाताच्या खाचरांच्या जुन्या खुणा दाखवताना गाइड म्हणाला, नदीचं गोडं पाणी भरतीने वर चढायचं तेव्हा ते दारातून आत घेतलं जायचं, ओहोटीला सोडलं जायचं. मी भाषांतर केलं. सासूबाई थबकल्या. "म्हणजे आमच्या खाडीच्या बांधातली उघाडी! हे बांध कोणी घातले? खाडीकाठचा चिखल म्हणजे काय चेष्टा आहे? मांडीपर्यंत रुततो माणूस." मी म्हटलं, घातले गेले. "असे कसे घातले जातील? त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं कळावं लागतं." आता त्यांना कोण सांगणार, की कळणारी माणसं पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून पकडून आणली होती, आणि 'कॅरोलायना गोल्ड' हे तांदळाचं नाव पडलं, पिकवणाऱ्यांचं नाही.

जेवणाकडे वळू. इथल्या खाण्याला 'सदर्न' म्हणायचं. दक्षिणी. म्हणजे स्वयंपाक दिशेने केला. मेन्यू आपल्याला परका नाही. हॉपिन जॉन म्हणजे चवळी-भात. ओक्रा म्हणजे भेंडी. बेने वेफर म्हणजे तिळाची पातळ बिस्किटं, आणि 'बेने' हा तिळासाठीचा आफ्रिकी शब्दच इथे टिकून राहिलाय. रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यातल्या, थेट आपल्या. शी-क्रॅब सूपमध्ये मादी खेकड्याची गाभोळी असते. हे कळल्यावर सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि मान हलवली, म्हणजे परीक्षेत पास. श्रिंप अँड ग्रिट्स मात्र त्यांना पटेना. मक्याच्या कण्यांवर कोळंबी, २५-३० डॉलर. "कण्या खाल्ल्या म्हणून सांगायची लाज वाटायची आमच्या लहानपणी. इथे रांग लावून खातात होय?"

सिटी मार्केटमध्ये स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या बघाव्यात, घेऊ नयेत, किमती शेकड्यांत असतात. सासूबाईंनी एक रुंद, उथळ टोपली उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि मनगटाच्या झटक्याने हवेतच पाखडायला लागल्या. झर्र, झर्र, मध्येच कडेवर एक टिचकी. विकणारी काळी आजी हातातलं विणकाम ठेवून बघत राहिली. मग तिने शेजारची टोपली घेतली आणि तीही पाखडायला लागली. दोघींच्या टोपल्यांत दाणा नाही. इंग्रजीचा एक शब्द न बोलता पाच मिनिटं हे चाललं होतं. मी किंमत विचारली आणि वाईट वाटून घेतलं.

फोर्ट सम्टरची फेरी चांगली आहे, वारा मस्त लागतो. १२ एप्रिल १८६१ला इथे यादवी युद्ध सुरू झालं. झालं, आपोआप. फक्त रॉबर्ट स्मॉल्स या माणसापासून जपा. गुलाम सुकाणूवाला. १३ मे १८६२च्या पहाटे त्याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, दक्षिणेच्या सैन्याची बोट बायकामुलांसकट पळवली, सम्टरसमोरून बरोबर इशारे देत निघून गेला आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून आला. अगदीच कर्तरी माणूस.

२०१८ साली नगरपालिकेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. ७ विरुद्ध ५ मतांनी. २०२३ साली गॅड्सडेन्स वार्फवर, जिथे जहाजं लागत तिथेच, आफ्रिकी अमेरिकी लोकांचं संग्रहालय उघडलं. १८ खांबांवर उभं, जमिनीला टेकवलेलं नाही. ब्रंच लांबवला की ते आपसूक राहतं.

कॅल्हून स्ट्रीटवरच्या इमॅन्युएल चर्चसमोर मात्र माझं व्याकरण चालत नाही. जून २०१५मध्ये तिथे बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना, ते काळे होते म्हणून, गोळ्या घालून मारलं. चला पुढे.

शेवटच्या संध्याकाळी जेवायच्या टेबलासाठी नाव लिहून आम्ही जवळच्या गल्लीत रेंगाळत होतो. जुन्या विटांची भिंत. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला एका विटेत तीन खळगे सापडले, शेजारी शेजारी. पलीकडून टोळकं घेऊन चाललेली गाइड म्हणाली, ओल्या विटा उलटवायचं काम बहुतेक मुलांचं असायचं, बोटं उमटायची. सासूबाईंनी बोटं लावून बघितली, बसेनात. मुलीची बसली, जराशी सैल. तिने बोटं तशीच ठेवली.

"हिच्यापेक्षा थोडंसंच मोठं असेल गं ते पोर," सासूबाई म्हणाल्या. "काय नाव असेल?"

तेवढ्यात फोन वाजला. टेबल तयार झालं होतं. असा मेसेज आला की अजिबात थांबू नका, दहा मिनिटांत नंबर जातो. आम्हीही लगेच निघालो. कोळंबी उत्तम शिजवली गेली होती.