दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: बुटका कमोड, हलणारा रॉड आणि लाल दोरी

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. जेवण छान, पण "सगळ्यांसाठी वॉशरूम" ही पाटी नुसता दिखावा आहे, कमोड बुटका, एका बाजूचा रॉड हलतो, लाल दोरी जमिनीपर्यंत लोळते, आणि गुडघे बदललेल्या आईंना उठवताना तुम्हाला दोन्ही हातांनी ओढावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. आईंना त्रास झाला ह्याचं खरंच वाईट वाटलं. पण दिखावा हा शब्द मला लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कमोड मुद्दाम 18 इंचांवर बसवलाय. व्हीलचेअरची सीट साधारण 19-20 इंच असते, तिच्यावरून सरकून बसायचं तर दोन्ही जवळपास एका लेव्हलला पाहिजेत, कमोड फार उंच केला तर हातांच्या जोरावर वर चढावं लागतं, नी ते सगळ्यांना नाही जमत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांचं मात्र बरोबर उलट, सीट उंच असली की गुडघा कमी वाकतो आणि उठणं सोपं जातं. आता खोली तर एकच आहे. म्हणून तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर दवा बाजारातून 4 इंचांचा कमोड रेझर, म्हणजे सीट उंच करणारी वरची बैठक, आणला, तो सीटवर क्लॅम्पने घट्ट बसतो आणि काढताही येतो. काउंटरवर ठेवलाय, मागितला की आमचा मुलगा लगेच लावून देतो.

हलणारा रॉड ढिला नाहीये हो, तो वर उचलायचाच असतो. त्या बाजूला व्हीलचेअर लावतात, रॉड वर करून कमोडवर सरकतात, मग खाली घेऊन धरतात. आईंनी उठताना भिंतीकडचा धरावा, तो फिक्स आहे. अर्धांगवायू झालेल्यांना मात्र डावं-उजवं हा फरक पडतोच, त्यांच्यासाठी उलट्या बाजूची दुसरी खोली पाहिजे आणि तेवढी जागा आमच्याकडे नाही, हे खरं.

लाल दोरी बेलची आहे. कोणी आत पडलं तर पडल्या जागेवरून हात पोचावा म्हणून ती खालपर्यंत सोडलेली असते. लोक घाण होईल म्हणून वर गाठ मारून ठेवतात, मग पडलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? आम्ही रोज गाठ सोडतो, दोरी पुसून घेतो. दार बाहेर उघडतं तेही ह्याचसाठी, आत कोणी दाराला लागून पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही.

फरशीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यातच अडकलेला असतो. आपल्या इंदूरला भरपूर पाणी ओतून धुतलं की स्वच्छ वाटतं, आणि वॉकर घेतलेल्या माणसाला तीच ओली फरशी पाडते. सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या दिवशी आमच्याकडे निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे असतात, त्या दिवशी एक माणूस वायपर आणि कोरडा पोछा घेऊन तिथेच असतो. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आमच्यासारख्या खासगी हॉटेलांनाही लागू आहे, पण फरशी कोरडी ठेवायला कायदा कशाला लागतो?

आईंना घेऊन या. येण्याआधी एक फोन करा म्हणजे रेझर लावून ठेवतो, आणि 4 इंच त्यांना जास्त होत असतील तर तसं सांगा, 2 इंचांचाही मिळतो.