पुन्हा एनसीच!

परवा पुन्हा तेच: एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, जिचा पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. ओठ फुटलेला, मनगट सुजलेलं, अशा शेजारच्या ताईला घेऊन चौकीवर गेले. दोन तास बाकड्यावर बसवलं आणि शेवटी काय, तर "घरगुती मामला आहे, एनसी लिहून घेतो. जरा समजुतीनं घ्या, नवराच आहे ना." हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकतेय, तीन वेगवेगळ्या बायकांसोबत!

अहो, नवरा आहे म्हणूनच तर कायदा केलाय ना? नवऱ्याकडून होणाऱ्या छळासाठी पूर्वी दंड संहितेचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. तिने स्वतः तक्रार दिली की तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा. एनसी कसली लिहिता? आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ सांगतं की संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील मिळतो, गुन्हाही नोंदवता येतो, हे पोलिसांनी तिला सांगायचं. एक अक्षर कुणी काढलं नाही. मीच फोनवर कलम उघडून दाखवलं, तर म्हणे, "तुम्ही वकील आहात का?"

बरं, कोर्टात जावं, तर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल त्यापुढे साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असं त्याच कायद्यात आहे. माझ्या ओळखीतली एकजण दोन वर्षं नुसत्या तारखा घेतेय. पोटगीचा अंतरिम आदेश निघाला, पैसे नाहीत. त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज!

ताई काल परत त्याच घरी गेली. पोराची दहावी आहे, म्हणाली.