जबाबदारीचं समन्यायी वाटप

साहेब, खात्यात एआय आणायचंच आहे ना? मग जबाबदारीने आणा. म्हणजे पहिल्याच बैठकीत जबाबदारी कोणाची ते ठरवून टाका. आपली नाही, एवढं ठरलं तरी पुरे; बाकीची उतरंड आपोआप लागते.

नमुना शोधायला लांब जायला नको. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. गरोदर आणि स्तनदा मातांना आहाराचा हक्क २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलाय. कायद्यात चेहऱ्याची अट नाही, पण ॲपमध्ये आहे, आणि ॲप नवं आहे.

आता समजा, तांड्यावरची एक बाळंतीण पोर कडेवर घेऊन आली. आधारला नंबर नवऱ्याचा. तो ऊसतोडीला, यंदा बाळंतपणामुळे अर्धा कोयताच, म्हणजे जोडीतला तो एकटाच, गेलाय. सेविका फोन लावते, "भाऊ, ओटीपी आला का बघा." तो फडात हात पुसून आकडे वाचतो, तोवर ओटीपी शिळा. पुन्हा पाठवा. आला एकदाचा, तर रेंज गेली. मग चिंचेखाली उभं करून, "पदर मागे घे. डोळे मिचकव. हसू नको गं." बाई हसत नव्हतीच. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. ती पोरगी आणि ही बाई एकच, हे मशीनला पटत नाही. खरं तर तिलाही पटेलच असं नाही.

अशा वेळी पाकीट अजिबात देऊ नका. चेहरा जुळला नाही म्हणजे बोगस लाभार्थी सापडला! गळती थांबली, बचत झाली, सादरीकरणाला एक हिरवा आलेख मिळाला.

एखादा आगाऊ माणूस २०१८चा अभ्यास काढेल. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारी तीन सॉफ्टवेअर जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी तपासली होती: गोऱ्या पुरुषांत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सांगा, ते अमेरिकेतलं, जुनं. आपलं ॲप वेगळं. आपलं कुणी तपासलंय का, असं विचारलंच तर चहा मागवा.

समन्याय मात्र सोडू नका. नोटीस प्रत्येक सेविकेला सारखीच गेली पाहिजे: वाटप शंभर टक्के का नाही, २४ तासांत खुलासा करावा. वेळ पुरत नाही म्हणाली, तर खुलासा एआयकडून लिहून घे म्हणावं. नोटीस तुम्ही तशीच लिहून घेतलीत की.